भेंडीबाजारचे तीन भाऊ

हिंदुस्थानी गायकीच्या घराण्यांची नावे एकदा ओळीने म्हणून पाहावीत. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, पतियाळा, रामपूर-सहसवान, किराणा. बहुतेक ठिकाणी कोणी राजा होता, कोणी नवाब होता. किराणा हे साधे गाव खरे, पण तिथले गवईसुद्धा बडोदा, म्हैसूर अशा संस्थानांच्या दारी गेलेले आढळतात. या ओळीत एकच नाव असे आहे की ज्याच्यामागे ना गादी, ना किल्ला, ना संस्थान. ते नाव आहे भेंडीबाजार. मुंबईतला एक बाजार, ट्रामची खडखड, अत्तराची आणि कबाबाची दुकाने, चाळींचे लाकडी जिने. ख्यालगायकीचे एक अख्खे घराणे या बाजाराच्या नावाने ओळखले जाते, आणि ते घडवले तिघा सख्ख्या भावांनी: छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ.

नावाचा उलगडा आधी करून टाकू. ‘बिहाइंड द बझार’ असे गोरे लोक म्हणत आणि त्याचे भेंडीबाजार झाले, ही गोष्ट मुंबईत कोणीही सांगतो. गोष्ट गमतीची आहे, एवढेच. आम्हाला भेंडीच्या झाडाची उपपत्ती अधिक पटते. मुंबईची किती ठिकाणे झाडांवरून ओळखली जातात! वडाळा आहे, चिंचपोकळी आहे, आणि भेंडीबाजारापासून हाकेच्या अंतरावर उमरखाडी आहे. तिथे उंबर होता. मग भेंडीने काय घोडे मारले? ही भेंडी भाजीची नव्हे. पिवळ्या फुलांचे, समुद्रकाठी वाढणारे ते सावलीचे झाड.

हे भाऊ मूळचे मुरादाबादकडच्या बिजनौरचे. वडील दिलावर हुसेन खाँ यांच्याकडे त्यांची पहिली तालीम झाली. पुढे सहसवानच्या इनायत हुसेन खाँ यांचीही तालीम मिळाली. १८७० च्या आसपास हे कुटुंब मुंबईला आले. हा काळ लक्षात घेतला पाहिजे. १८५६ मध्ये अवध खालसा झाले, दुसऱ्या वर्षी दिल्ली पडली, आणि उत्तरेतल्या गवयांच्या पायाखालची सतरंजी निघाली. कोणी रामपूरला गेले, कोणी ग्वाल्हेर-जयपूरला, कोणी हैदराबादला. महाराष्ट्राच्या वाट्याला यातूनच मोठे दान पडले. बीनकार बंदे अली खाँ अखेरच्या काळात पुण्यात राहिले. अल्लादिया खाँना शाहू महाराजांनी कोल्हापुरात ठेवून घेतले. अब्दुल करीम खाँ मिरजेचे झाले. मराठी गाणे ज्याला आपण म्हणतो त्याच्या पायात ही सगळी उत्तरेकडून आलेली मुसलमान माणसे आहेत, हे काही नव्याने सांगायला नको.

पण बाकीचे गेले ते कोणाच्या तरी पदरी. या तिघांनी शहर निवडले. त्या वेळच्या मुंबईत रेल्वे होती, कापूस होता, गिरण्यांचे भोंगे सुरू झाले होते. पण दरमहा तनखा बांधून देणारा राजा नव्हता. गवयाला इथे जगायचे तर शेठजींच्या घरच्या बैठकी, लग्नसमारंभ आणि शिकवण्या यांवरच. राजाची मर्जी सांभाळावी लागत नसे, तसा उद्याचा भरवसाही नसे. आजची मुले ‘स्वतंत्र कलाकार’ असा शब्द वापरतात, तो या भावांना दीडशे वर्षांपूर्वी लागू होता. फरक इतकाच की त्यांच्या वेळी त्यात मिरवण्यासारखे काही नव्हते.

१८९० पर्यंत त्यांचे नाव मुंबईत झाले ते एका गोष्टीमुळे: श्वास. एका दमात लांबलचक आलापाची ओळ घ्यायची, ती कुठेही न तोडता, आवाजाला धक्का न देता समेपर्यंत आणून ठेवायची. ऐकणाऱ्याने आपलाच श्वास धरून बसावे असे ते गाणे. आवाज मोकळा, आकारात लावलेला. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मींड, म्हणजे मधली वाट घसरत, पण तोल न जाऊ देता. तबला, सारंगी मैफलीत असायचीच. परंतु गाण्याचा भार त्यांच्यावर नसे. ठेका मागे, हलक्या हाताने. तालमीच्या खोलीत तर तंबोरा आणि गळा, बस्स.

आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हे समजावून सांगणे सोपे नाही. इथे संगीत म्हणजे वरातीचा बेंजो, गणपतीचा ढोल-ताशा, सिंधी बांधवांच्या चालिहोतली आणि झुलेलालच्या बहिराण्यातली ढोलकी, हाजी मलंगच्या उरुसातली कव्वाली. सगळे मोठ्या आवाजाचे, सगळे गर्दीचे. त्याला नावे ठेवण्याचा आमचा इरादा नाही. कामावरून शेवटच्या गाडीने परतणाऱ्या वस्तीला जागे करायचे तर टाळी आणि ढोलकच हवा. पण आठवीच्या वर्गात एकदा मोबाइलवर अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल लावला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ना ढोल, ना गिटार, गाना शुरू कब होगा?” प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हाला फळ्याकडे वळावे लागले, कारण या गायकीचा पाया गणितात आहे.

त्या पायाचे नाव मेरखंड, किंवा खंडमेरू. तीन सूर घ्या: सा, रे, ग. ते किती वेगवेगळ्या क्रमांनी मांडता येतील? सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. सहा. चार सूर घेतले की चोवीस, पाच घेतले की एकशेवीस, सहा घेतले की सातशेवीस आणि सातही सूर घेतले की ५,०४०. एकेक क्रम पाच सेकंदांत गायला तरी २५,२०० सेकंद लागतील, म्हणजे बरोबर सात तास. अर्थात मैफलीत कोणी सगळे क्रम गात बसत नाही. रागाचे नियम त्यातले कितीतरी बाद करतात. जे उरतात त्यांतून गवयाने आपल्या समजुतीने निवड करायची. परंतु रियाजात ते सगळे गळ्याखालून गेलेले असले पाहिजेत, तरच मैफलीत योग्य तो योग्य जागी आपोआप येतो. दोन-तीन सुरांवर अर्धा तास काढायचा आणि तरी एकदाही पुनरुक्ती वाटू द्यायची नाही, हे यातून साधते. सामान थोडे आणि घर मोठे, असे हे गाणे आहे.

आता यातली आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट. खंडमेरूचे गणित मांडले कोणी? शार्ङ्गदेवाने, ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात, तेराव्या शतकात. आणि कुठे? देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असताना. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा मोठा अधिकारी. हिशेबनीस माणूस असल्याने की काय, सुरांच्या क्रमांचा त्याने असा तक्ता करून ठेवला आहे की अमुक क्रमांकावर कोणता सूरसमूह येतो, आणि अमुक सूरसमूहाचा क्रमांक कोणता, हे दोन्ही काढता यावे. एक काश्मिरी घराणे देवगिरीला येते आणि हा विचार लिहून ठेवते. सहाशे-साडेसहाशे वर्षांनी बिजनौरचे तीन मुसलमान भाऊ मुंबईला येतात आणि तोच विचार गळ्यात घेऊन बसतात. मधल्या काळात तो कोणकोणत्या गळ्यांतून प्रवास करीत आला याची सलग नोंद नाही. देवगिरीची दौलताबाद झाली, यादव गेले, खिलजी गेले, निजाम आले. पण सारेगचे सहा क्रम सहाच राहिले.

मराठीतल्या संगीतविषयक लेखनात एक तक्रार पुन्हापुन्हा भेटते. उस्ताद लोक अशिक्षित होते, विद्या लपवून ठेवीत, मुलाबाळांखेरीज कोणाला देत नसत. पंडित भातखंडे यांनी चिजा गोळा करण्यासाठी जे कष्ट उपसले त्यांत असे अनुभव त्यांना आले असतील, ते आम्ही नाकारत नाही. त्यांचे काम थोरच आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईला गांधर्व महाविद्यालय काढून गाणे मध्यमवर्गीय घरात नेले, तेही थोर. मात्र या तक्रारीचा सरसकट शिक्का मारण्यापूर्वी भेंडीबाजारच्या शागिर्दांची यादी पाहावी.

या यादीत अग्रस्थानी अंजनीबाई मालपेकर. जन्म १८८३, गोव्यातल्या कलावंत घराण्यातला. आठ वर्षांच्या असताना त्या नजीर खाँकडे शिकू लागल्या. कल्पना करावी: एक परप्रांतातून आलेला मुसलमान उस्ताद, एक कोकणी बोलणारी हिंदू मुलगी, आणि तालीम एखाददुसऱ्या वर्षाची नव्हे, तर वर्षानुवर्षांची. १८९९ मध्ये सोळाव्या वर्षी त्यांची पहिली जाहीर मैफल झाली. रूप असे की राजा रविवर्म्याने त्यांना समोर बसवून चित्रे काढली. त्या काळात गाणाऱ्या बाईकडे लोक ज्या नजरेने पाहत, त्या नजरेचाही त्यांना पुरेपूर अनुभव आला. पुढे आवाज गेला, बराच काळ गेला, आणि परत आला. उस्ताद वारल्यावर काही वर्षांतच, १९२३ मध्ये, चाळिसाव्या वर्षी त्यांनी जाहीर गाणे सोडले आणि उरलेले आयुष्य शिकवण्यात घालवले. पन्नास वर्षे! १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना फेलोशिप दिली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकले. किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकल्या. किशोरीताईंच्या गाण्यातली मींड ऐकताना जयपूरचे नाव घेतले जाते, ते बरोबरच आहे. पण त्या मिंडीत थोडासा भेंडीबाजारही आहे. नजीर खाँनी विद्या लपवली असती तर ती तिथवर पोचली नसती.

थोरले बंधू छज्जू खाँ यांचे चिरंजीव अमान अली खाँ (१८८८–१९५३) हे या घराण्याचे दुसरे मोठे नाव. वडील आणि काकांनी जे शिकवले त्यात त्यांनी दाक्षिणात्य संगीताचा अभ्यास मिसळला. सरगम गाण्याची निराळी ढब, मध्य लयीची आवड आणि हंसध्वनीसारखा कर्नाटक संगीतातला राग त्यांनी आपल्या गायकीत आणला. हंसध्वनीतली त्यांची बंदिश पुढे अमीर खाँनी गाऊन देशभर नेली. बंदिशी ते ‘अमर’ या नावाने बांधीत. भाषा ब्रजाकडची, आणि विषय पाहिले तर देवादिकांची स्तुती, कृष्ण, वसंत, विरह. शब्दांचे वजन, त्यांची लय याविषयी ते अत्यंत काटेकोर होते. बंदिश म्हणजे राग टांगायची खुंटी नव्हे, ती स्वतःच एक रचना आहे, असा त्यांचा आग्रह त्यांच्या चिजांतून दिसतो.

त्यांच्या शागिर्दांत शिवकुमार शुक्ल, मास्टर नवरंग, रमेश नाडकर्णी, त्र्यंबकराव जानोरीकर ही मंडळी आली. वसंतराव देशपांडे त्यांच्याकडे शिकले. मन्ना डे शिकले. आणि १९४५ साली मुंबईत नुकतीच येऊन राहिलेली, वडिलांमागे घर चालवणारी एक सोळा वर्षांची मुलगीही त्यांच्याकडे शिकू लागली. लता मंगेशकर. ही तालीम फार काळ चालली नाही. नंतर तिने अमानत खाँ देवासवाले यांचा गंडा बांधला. तरीही लताबाईंचा तो प्रसिद्ध दमसास, ओळ कुठेही न तुटू देता पलीकडे नेण्याची हातोटी, कुठून आली हे शोधताना भेंडीबाजाराकडे पाहायला हरकत नाही. उर्दूचे मास्तर म्हणून आम्हाला त्यांच्याविषयीची दुसरी गोष्ट जवळची. लोकलच्या डब्यात दिलीपकुमारांनी त्यांच्या उर्दू उच्चारांना मराठी वरणभाताचा वास येतो अशी काहीशी शेरेबाजी केली, आणि बाईंनी रागावण्याऐवजी शफी नावाच्या शिक्षकांकडे उर्दूचे रीतसर धडे घेतले. सूर एका खाँसाहेबांकडून, ‘क’ आणि ‘क़’ मधला फरक दुसऱ्या एका मुसलमान शिक्षकाकडून. त्या शफीसाहेबांचे नाव तरी किती जणांना माहीत आहे?

अमीर खाँचे नाव वर आले. त्यांचे वडील शहामीर खाँ सारंगिये, आणि ते छज्जू खाँ-नजीर खाँ यांच्या परंपरेत शिकलेले. म्हणजे मेरखंड या वाटेने इंदूरला गेले आणि अमीर खाँच्या अतिविलंबित, ध्यानस्थ गाण्यात त्याला नवे रूप मिळाले. इंदूर घराणे म्हणून आज जे ओळखले जाते त्याचे एक मूळ या बाजारात आहे. योगायोग असा की अमीर खाँ आणि अंजनीबाई दोघेही १९७४ सालीच गेले, ते फेब्रुवारीत कलकत्त्याला मोटारीच्या अपघातात, आणि त्या ऑगस्टमध्ये.

या सगळ्यात तिसरा भाऊ कुठे आहे? खादिम हुसेन खाँ यांचे नाव प्रत्येक ठिकाणी येते, आणि बहुधा नावच येते. छज्जू खाँना मुलगा लाभला, नजीर खाँना अंजनीबाई लाभल्या. म्हणून त्यांच्याविषयी लिहिले गेले. गवयाचा इतिहास त्याच्या शागिर्दांच्या तोंडून उरतो. तिघांपैकी कोणाचाही आवाज ध्वनिमुद्रिकेवरून आपल्यापर्यंत आलेला नाही. ग्रामोफोन कंपनी १९०२ मध्ये हिंदुस्थानात आवाज टिपू लागली होती, पण तीन मिनिटांच्या तबकडीत हे गाणे मावणार कसे? पंचवीस सेकंदांचा एक श्वास धरला तर सात श्वासांत तबकडी संपली. अमान अलींचे ध्वनिमुद्रणही अगदी तुटपुंजे आहे.

आता थोडे आमच्या घरातले. आमच्या समाजात गाण्याविषयी एक अवघडलेपण आहे, आणि ते अलीकडे वाढले आहे. वाद्य जायज की नाजायज हा वाद जुनाच. इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी ‘इह्या’ या ग्रंथात समाविषयी स्वतंत्र प्रकरण लिहून त्याच्या बाजू तोलल्या आहेत. गाण्याने ऐकणाऱ्याच्या मनात जे आधीच आहे तेच ढवळून निघते, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे. वाद विद्वानांनी करावा. आम्हाला दिसते ते एवढेच, की स्नेहसंमेलनात नात होते, तराना होतो, पण पेटी काढावी म्हटले की कोणीतरी हळूच येऊन कानात बोलतो. मुलांना उस्ताद हा शब्द माहीत आहे तो गॅरेजमधला किंवा शिवणकामाच्या कारखान्यातला. त्या उस्तादांबद्दलही आदरच आहे. मात्र त्याच शब्दाने कुमार गंधर्वांच्या गुरूचे गुरू ओळखले जात, हे पोरांना कोणी सांगितलेले नसते. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट नाही आणि घरात तर नाहीच. दुसरीकडे मराठी संगीतसभांतून भेंडीबाजार घराण्याचे नाव निघते तेव्हा ते जानोरीकर, सुहासिनी कोरटकर यांच्या संदर्भात निघते. कोरटकरबाईंनी (१९४४–२०१७) आकाशवाणीची नोकरी सांभाळून, ‘अमर’ यांच्या बंदिशी जपण्याचे केवढे तरी काम केले. घराणे जिवंत राहिले ते या मराठी घरांमध्ये, मुख्यतः पुण्यात. ज्या मोहल्ल्याचे नाव त्याला आहे तिथे ते ऐकायला मिळत नाही. वारसा परक्याने पळवला असे कोणी म्हणेल तर ते साफ खोटे ठरेल. आम्ही तो हातातून सोडला, आणि ज्यांच्या हाती उस्तादांनी स्वतः दिला होता त्यांनी तो सांभाळला.

भेंडीबाजारात आम्ही अजूनही जातो. अंबरनाथहून भायखळ्याला उतरून चालत, बहुधा जूनमध्ये, शाळेसाठी उर्दू पुस्तके घ्यायला. तो भाग आता ओळखू येईनासा झाला आहे. २००९ मध्ये बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हानी ट्रस्टने साडेसोळा एकरांतल्या अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती पाडून तिथे मनोरे बांधण्याचे काम हाती घेतले. ते गरजेचे नव्हते असे कोण म्हणेल? ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून तिशीहून जास्त माणसे दगावली. लाकडी जिन्यांचे कौतुक त्यावर चढउतार न करणाऱ्याने करू नये. काही मनोरे उभे राहिले आहेत, काही जागी पत्र्याची कुंपणे आहेत. नळबाजाराच्या बाजूला जुन्या चाळींची एक रांग शिल्लक आहे. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांना रंगीत काचा आहेत आणि खाली एकाच दुकानात मोबाइलची आवरणे, तस्बिह आणि टोप्या विकायला मांडलेल्या असतात.